'सोबत' आणि 'नंतर'

वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत पावसाची नोंद ठेवणारा छोटा संगणक आम्ही बसवला होता. पर्जन्यमापकाकडून येणारे आकडे घ्यायचे आणि बाहेरून जोडलेल्या डिस्कवर साठवायचे, एवढेच त्यातल्या प्रोग्रामचे काम. जुलैत एका रात्री वीज गेली, पहाटे आली, संगणक आपोआप सुरू झाला. तीन दिवसांनी मुलांनी आलेख काढायला घेतला, तर त्या दिवसांचे आकडे डिस्कवर नव्हतेच. प्रोग्राम मात्र बिनतक्रार चालू होता. पाऊस तर सगळ्यांनी पाहिलेला!

लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर आज अशा सेवा 'सिस्टिमडी' ही व्यवस्था चालवते. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ती २०१० साली मांडली. प्रत्येक सेवेसाठी एक साधी मजकुराची फाइल असते व तिचे सहसा तीन भाग पडतात. 'युनिट'मध्ये सेवेची ओळख आणि इतरांशी नाते, 'सर्व्हिस'मध्ये कोणती आज्ञा चालवायची व ती बंद पडल्यास काय करायचे, 'इन्स्टॉल'मध्ये संगणक सुरू होताना तिला कोणी हाक मारायची. भागाचे नाव चौकटी कंसात; खाली प्रत्येक ओळीत एक शब्द, बरोबरचे चिन्ह आणि किंमत.

वाशीमकरांना याचे नवल वाटू नये. १९३९ साली तेथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे. कोणता मजकूर कोठे व कसा, हे तेव्हाही ठरलेले होते. मात्र लेखनिकाची चूक वाचणारा माणूस समजून घेतो; सिस्टिमडीला अनोळखी शब्द दिसला, तर ती नोंदवहीत इशारा लिहिते आणि ती ओळ सोडून पुढे जाते. अक्षर लहान की मोठे, यानेही शब्द अनोळखी ठरतो. टिपणाची ओळ '#' किंवा अर्धविरामाने सुरू होते. पण सूचनेच्याच ओळीत शेवटी टीप लिहिली तर ती किमतीचा भाग समजली जाते. ही चूक आम्हीही केली आहे.

आता आमचा पाऊस. फाइलमध्ये आम्ही 'रिक्वायर्स' या शब्दापुढे डिस्कचे नाव लिहिले होते. त्याचा अर्थ आम्ही 'आधी डिस्क, मग प्रोग्राम' असा घेतला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'मला सुरू करताना हिलाही सुरू कर' एवढाच आहे. क्रम हवा असेल तर 'आफ्टर' वेगळे लिहावे लागते. उलट, नुसते 'आफ्टर' लिहिले तर क्रम पाळला जातो, पण डिस्कला कोणी बोलावत नाही. एरवी साध्या डिस्का सेवांच्या आधीच जोडल्या जातात. आमची मात्र 'न सापडल्यास थांबू नये' अशा सवलतीची होती. त्यामुळे दोघे एकदमच निघाले आणि प्रोग्राम पुढे गेला.

डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते, तो फोल्डर कार्डावर आधीपासूनच असतो. प्रोग्रामने त्यातच फाइल उघडली. नंतर डिस्क त्यावर येऊन बसली आणि खालचे दिसेनासे झाले. प्रोग्राम मात्र उघडलेल्या फाइलीतच लिहीत राहिला.

संगणकासोबतच येणाऱ्या माहितीपत्रकात, 'मॅन' या आज्ञेने दिसणाऱ्या पानांवर, क्रम आणि गरज या स्वतंत्र गोष्टी आहेत असे स्पष्ट लिहिले आहे. तेथेच 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' हा शब्दही मिळाला. त्यापुढे फोल्डरचा पत्ता दिला की दोन्ही नाती एकदम जुळतात. ती ओळ घातली, फाइल नव्याने वाचायला सांगितली. मग प्रोग्राम थांबवून डिस्क सोडवली. खालच्या फोल्डरमध्ये तिन्ही दिवसांचा पाऊस तासागणिक नोंदलेला होता.