एक नाव, दोन गिअरबॉक्स

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारवाहने आहेत. या हक्काचे मोल जाणून घ्यायचे, तर मोटारीचा गिअरबॉक्स उघडून पाहावा.

इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच पुरेसा जोर देते. उभी गाडी हलवायला जोर लागतो, महामार्गावर वेग. लहान दंतचक्राने मोठे फिरवले की फेऱ्या घटतात आणि जोर वाढतो. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि डिफरन्शियलचे ४ असेल, तर इंजिनाच्या १४ फेऱ्यांमागे चाक एकदा फिरते. आजच्या गाडीत पुढचे गिअर परस्परांत कायम गुंतलेले असतात; दांडा हलवला की सरकते ती हव्या त्या गिअरला शाफ्टशी जखडणारी स्लीव्ह. त्याआधी एक पितळी रिंग घर्षणाने दोहोंचे वेग जुळवते, म्हणून खरखर होत नाही.

जुन्या अँबेसिडर आणि फियाटमध्ये चार गिअर होते, दांडा स्टिअरिंगपाशी. पहिल्या गिअरला ही रिंगच नव्हती. गाडी थांबल्याखेरीज तो नीट पडत नसे. परवानाराजात ही रचना दशकानुदशके टिकली. ग्राहकाला निवड नव्हती, मेकॅनिकला मात्र सारे पाठ होते. १९८५ नंतर चित्र पालटले. प्रीमियर ११८एनईचा सांगाडा फियाटचा, तर इंजिन आणि गिअरबॉक्स निसानचा. पुढे अँबेसिडरलाही इसुझू इंजिनाबरोबर पाच गिअर मिळाले. नाव तेच, पोटात यंत्र निराळे.

आज एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल आवृत्त्यांत गिअरची प्रमाणे वेगळी असू शकतात. २०१४ च्या सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटीमध्ये मूळ गिअरबॉक्स हाताचाच. क्लच आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने होते. तेथे पान्याबरोबर सॉफ्टवेअरही लागते.

निवृत्तीनंतर मी म्हैसूरला राहतो. गेल्या पावसाळ्यात मंडी मोहल्ल्यातील एका गॅरेजमध्ये टॅक्सीचा गिअरबॉक्स नऊ दिवस उघडा पडून होता. मागवलेली रिंग त्याच मॉडेलची, परंतु आधीच्या आवृत्तीची निघाली. फरक कोणत्याही खुल्या पत्रकात नव्हता. टॅक्सीवाल्याची नऊ दिवसांची कमाई त्या अज्ञानापायी बुडाली.

चोरी, प्रदूषण आणि सुरक्षितता यांबाबत उत्पादकांची चिंता रास्त आहे. पण रिंगचा क्रमांक हे व्यापारी गुपित नव्हे. युरोपीय संघाने २००७ च्या नियमावलीतच स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणे उत्पादकांवर बंधनकारक केले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक आवृत्तीचा गिअरबॉक्स-संकेतांक, सुट्या भागांचे क्रमांक आणि तेलाची प्रत जाहीर करणे सक्तीचे व्हावे, आणि तपासणीचे सॉफ्टवेअर छोट्या गॅरेजला परवडेल अशा दरात मिळावे. एवढ्या दोन कलमांनीही या हक्काला दात फुटतील.