गळाचें आमिष आणि बर्फ

इंग्लंड व वेल्सच्या किनाऱ्यांवर हिवाळ्याच्या रात्रीं लांब काठ्या रोवून कॉड आणि व्हायटिंग या माशांची वाट पाहणारे हौशी लोक पुष्कळ आढळतात. त्यांच्या गळाला जें आमिष असतें, तें बहुधा वाळूंत राहणाऱ्या एका किड्याचें असतें. तिकडे त्यास ‘लगवर्म’ म्हणतात. किड्याचें नांव ऐकून कोणी नाक मुरडूं नये. त्याच्या साठवणींत आपल्या स्वयंपाकघरांतलेंच शास्त्र भरलेलें आहे.

या किड्याच्या दोन जाती आहेत. एक साधा लग. ओहोटी लागली म्हणजे त्याचीं विस्कटलेल्या शेवयांसारखीं वाळूचीं वेटोळीं ओल्या किनाऱ्यावर जागोजाग दिसतात. दुसरा काळा लग. त्याचें वेटोळें सोऱ्यांतून पाडलेल्या चकलीसारखें रेखीव असतें. हा काळा लग निराळी जात आहे, हें शास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं नोंदविलें. तो अंगानें मोठा व कातडीनें चिवट असतो. परंतु राहतो मात्र किनाऱ्याच्या अगदीं खालच्या पट्ट्यांत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्र फार मागें हटतो, तेव्हांच तो हातीं लागतो. मासे मात्र पंचांग पाहून येत नाहींत. म्हणून मिळेल तेव्हां आणावें व जपून ठेवावें, ही युक्ति लोकांनीं काढली.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें. शिवाय तें सावकाश गोठलें, तर बर्फाचे मोठे स्फटिक बनतात आणि नाजूक पेशींच्या भिंती फुटतात. गोठविलेली काकडी वितळल्यावर लिबलिबीत होते, तिचें कारण हेंच. साध्या लगाची कातडी पातळ व आंत पाणी फार. वितळतांच त्याचा लगदा होतो. रॅगवर्म नांवाच्या दुसऱ्या किड्याचीही तीच गत. काळा लग मात्र हें सारें सोसतो.

तरी त्याचीही तयारी करावी लागते. प्रथम डोक्याकडचें टोक खुडून पोटांतली घाण व वाळू बोटांनीं दाबून बाहेर काढतात. या कामांत बोटें पिवळीं होतात, आणि तो रंग लवकर जात नाहीं. मग किडे समुद्राच्याच पाण्यांत खळबळतात. नळाचें गोडें पाणी येथें वर्ज्य. कारण किड्याच्या अंगांतला रस समुद्राइतकाच खारट असल्यामुळें गोडें पाणी आंत शिरतें व तो फुगून मऊ पडतो. नंतर वर्तमानपत्राच्या कागदावर ओल टिपून एकेक किडा कागदांत गुंडाळतात, दहा-दहांच्या पुड्या बांधतात, आणि त्या एकावर एक न रचतां पसरून फ्रीझरमध्यें ठेवतात. पुडी जितकी पातळ, तितकें गोठणें जलद आणि स्फटिक तितके बारीक.

कांहीं लोक आधीं रात्रभर मिठांत ठेवतात. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलें कीं पाणी सुटतें, तसेंच येथें होतें. पाणी कमी झालें म्हणजे बर्फाला फोडावयास कमी उरतें, आणि कातडी अधिक चिवट होते.

जलद गोठविण्याचें महत्त्व क्लॅरेन्स बर्ड्झाय या अमेरिकन गृहस्थानें १९१२ नंतरच्या वर्षांत लॅब्रडॉर येथें ओळखलें. तेथील कडाक्याच्या थंडींत बाहेर काढतांच गोठलेले मासे पुढें शिजविले असतां ताज्यासारखे लागत. आज घरोघरीं मिळणारे गोठविलेले मटार त्याच तत्त्वावर टिकतात.

किनाऱ्यावर नेतांना या पुड्या थर्मासमध्यें ठेवतात व लागेल तेवढीच बाहेर काढतात. एकदां वितळलेलें आमिष पुन्हां गोठवूं नये. मऊ पडलेला किडा गळावर टिकावा म्हणून त्याला बारीक लवचिक दोरा गुंडाळतात.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. हे किडे म्हणजे किनाऱ्यावरील पक्ष्यांचें अन्न. वाळू उपसून खड्डे तसेच ठेवले, तर मातीच्या ढिगाऱ्याखालीं शिंपल्यांतले जीव गुदमरतात. इंग्लंडांतील न्यायालयानें १९९३ सालीं असा निर्णय दिला कीं, समुद्रांत मासे धरण्याच्या सार्वजनिक हक्काबरोबर स्वतःपुरतें आमिष खणण्याचा हक्कही येतो. ‘स्वतःपुरतें’ हा शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. उरलेला किडा फेकून न देतां नीट साठविला, तर पुढच्या खेपेस तितकीच वाळू कमी खणावी लागते. परंतु फ्रीझर मोठा आहे म्हणून दुप्पट खणूं लागलें, तर तेंच साधन किनारा ओसाड करील. साठवण ही काटकसरीसाठीं असते, हांवेसाठीं नव्हे. आणि हा नियम घरच्या कोठीला जितका लागू, तितकाच समुद्राच्या वाळूलाही आहे.