सगळ्यांच्या पुढे, तरी बाद

शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं जुळतात का ते पाहतं, मग भोवरे मोजतं. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला की पंचकल्याणी म्हणून किंमत चढते. पण खरी पारख स्वार पाठीवर बसल्यावरच होते. रेवाल चालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळजवळ एकदम पडतात आणि पाठ हलत नाही. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडू नये, अशी त्या चालीकडून अपेक्षा असते. रेवाल चालीच्या शर्यतीत चाल मोडून घोडा चौखूर सुटला की बाद, मग तो सगळ्यांच्या पुढे का असेना. ज्याचं इंजिन दांडगं त्याचा विक्रम, असा मोटारींच्या वेगविक्रमांबद्दल सर्रास समज असतो. माझ्या मते वेगविक्रम हाही रेवाल चालीच्याच जातीचा खेळ आहे. वेग हा त्यातला एक घटक. जमीन आणि नियम यांचं वजन त्याहून कमी नाही.

रिचर्ड नोबल या ब्रिटिश उद्योजकाचं उदाहरण घ्या. पैसा उभा करणं आणि कामाची माणसं गोळा करणं, हेच त्याचं मुख्य कसब. त्याच्या 'थ्रस्ट टू' गाडीला जुन्या लढाऊ विमानाचं जेट इंजिन होतं. 1981 मध्ये ती अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर गेली, तर पावसाने घोळ घातला. पुढच्या वर्षी मैदानच पाण्याखाली. मग नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट सापडलं आणि 4 ऑक्टोबर 1983 रोजी नोबलने स्वतः गाडी हाकून ताशी 1019 किलोमीटरचा विक्रम केला. या वेगाला रबरी टायर टिकत नाही, म्हणून चाकं भरीव ॲल्युमिनियमची. अशी चाकं तळ्याच्या वाळलेल्या, सपाट मातीवरच चालतात. तापीखोऱ्यातल्या, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणाऱ्या काळ्या रानात ती गाडी दोन पावलंही गेली नसती.

कोणी म्हणेल, जमीन पैशाने तयार करता येते, म्हणजे शेवटी सगळं पैशाचंच. पैसा लागतोच, हे खरं. 'थ्रस्ट एसएससी' ही पुढची गाडी अमेरिकेला नेणाऱ्या मालवाहू विमानाच्या इंधनासाठी नोबलला लोकांकडे हात पसरावा लागला, आणि त्याने सुरू केलेला 'ब्लडहाउंड' या वेगविक्रमी गाडीचा प्रकल्प 2018 मध्ये दिवाळखोरीच्या दारात जाऊन दुसऱ्याच्या हाती गेला. पण त्याच प्रकल्पासाठी दक्षिण आफ्रिकेत हाकस्कीन पॅनवर काय चाललं होतं ते पाहा. तिथल्या तीनशेहून अधिक स्थानिक माणसांनी सुमारे 16,500 टन दगडगोटे हातांनी वेचून काढले. असं काम शेताच्या बांधावर दगड टाकणाऱ्या कुणालाही कळेल. वृत्तपत्रांत फोटो मात्र चालकाचा छापून येतो. 2019 मध्ये गाडी त्या पट्टीवर ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली. तो विक्रम नव्हता, चाचणी होती.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: घोड्याची चाल ही सौंदर्याची कसोटी, गाडीचा वेग हा निखळ आकडा, मग तुलना कशी? आकडा निखळ असता तर ती जमली नसती. पण विक्रमाचा आकडा एका फेरीचा नसतो. वाऱ्याचा आणि उताराचा फायदा एकतर्फी मिळू नये म्हणून त्याच पट्टीवर दोन्ही दिशांनी धावायचं, तेही एका तासाच्या आत, आणि सरासरी काढायची. त्या तासातच गाडी थांबवायची, तपासायची, इंधन भरून वळवायची. 13 ऑक्टोबर 1997 रोजी नोबलच्या चमूचा चालक अँडी ग्रीनने 'थ्रस्ट एसएससी' दोन्ही दिशांना ध्वनीच्या वेगापलीकडे नेली. तोवर जमिनीवर एवढ्या वेगाने कोणीच गेलं नव्हतं. पण परतीच्या फेरीला तासाची मुदत थोडक्यात हुकली आणि विक्रम नोंदलाच गेला नाही. दोन दिवसांनी, 15 तारखेला, वेळेत दोन्ही फेऱ्या झाल्या तेव्हा ताशी 1228 किलोमीटर लागले.