वेबसाईटचे तयार साचे : कळवणच्या दुकानदाराने काय तपासावे?

चप्पल बनवणारा कारागीर दर जोडाला नवा फर्मा कोरत नाही. शिंपी कॉलरचा पुठ्ठ्याचा नमुना एकदा कापतो, खिळ्याला टांगतो आणि वर्षानुवर्षे त्यावरूनच कापड कापतो. साचा बरोबर असला की काम झपाट्याने उरकते; साच्यातच अर्ध्या सुताचा फरक असला तर तो प्रत्येक नगात उतरतो. वेबसाईट बनवणाऱ्यांचा धंदाही याच रीतीने चालतो, हे आमच्या व्यापारी बांधवांना फारसे कोणी सांगत नाही.

कळवण किंवा अभोण्याचा कांदा व्यापारी, हार्डवेअरवाला, कापड दुकानदार वेबसाईटचे काम देतो तेव्हा तो दर्शनी भाग पाहतो. फोटो, रंग, दुकानाचे नाव. पण हा झाला नुसता काउंटर. मागची वखार आणि गल्ला असतो दूरच्या संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात. गिऱ्हाइकाने भरलेला फॉर्म स्वीकारणे, नोंद करणे, पासवर्ड पडताळणे, बिल बनवणे, फोटो चढवून घेणे ही कामे तिथे होतात. दुकान कशाचेही असो, ही कामे जवळपास सारखीच. म्हणून कारागीर ती दरवेळी नव्याने लिहीत नाही. दहा-वीस ओळींचे तयार तुकडे त्याच्याकडे असतात, ते तो जागच्या जागी बसवतो.

यात लबाडी काहीच नाही. ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला, तेव्हा नेहमी लागणाऱ्या गणितांचे तुकडे कागदी पट्टीवर छिद्रे पाडून लोखंडी कपाटात ठेवलेले असत. ज्याला जो लागेल तो त्याची नक्कल काढून आपल्या कामात जोडी. पुढे वेबसाईटचा जमाना आला. रास्मस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या वेबपानासाठी १९९४ मध्ये काही छोटी हत्यारे लिहिली आणि १९९५ मध्ये ती सर्वांना खुली केली. त्यातूनच पीएचपी ही भाषा वाढली. आज जगातल्या असंख्य वेबसाईटींचा मागचा भाग या भाषेत आहे, आणि तिची सुरुवातच मुळी तयार तुकड्यांच्या पिशवीने झाली. तेव्हा 'तू नक्कल केलीस' म्हणून कारागिराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. साचा कोठला आणि आपल्या मापाचा आहे का, एवढे मात्र विचारावे.

कारण बहुतेक साचे आपल्यासाठी कापलेले नसतात. रकमेचेच घ्या. बारा लाख पन्नास हजार आपण १२,५०,००० असे लिहितो. परदेशी पद्धतीचा तुकडा तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देतो आणि बिलावर १,२५०,००० छापतो. रक्कम तीच, पण घाईत वाचणारा मुनीम तिला काय समजेल ते सांगता येत नाही. अमेरिकेचा पत्ता-फॉर्म तसाच उचलला तर तो पाच आकडी पिनकोड मागतो. कळवणचा ४२३५०१ त्यात बसतच नाही.

लिपीची गंमत तर निराळीच आहे. 'कळवण' हे चार अक्षरांचे नाव पीएचपीच्या साध्या मोजणीत बारा भरते. नेहमीच्या पद्धतीत साठवलेले प्रत्येक देवनागरी अक्षर तीन घरे घेते आणि ती मोजणी घरे मोजते, अक्षरे नव्हे. (उर्दूत लिहिले तर दर अक्षराला दोन घरे.) म्हणजे कोणी नावाला वीसची मर्यादा घातली असेल तर सातव्या अक्षरालाच 'नाव फार मोठे आहे' असा शेरा येतो, आणि काना-मात्रा धरल्या तर त्याही आधी. यावर अक्षरे मोजणारा वेगळा तुकडा पीएचपीत आहे. माहीत असणारा तो वापरतो, इतर जण गिऱ्हाइकाला इंग्रजीत नाव लिहायला लावतात.

वेळेचा घोळ याहून महाग पडेल. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. समजा, एक एप्रिलला पहाटे पाच वाजता गाडी भरली आणि बिल निघाले. वेळ भारताप्रमाणे लावलेली नसेल तर सर्व्हरच्या वहीत तारीख पडते ३१ मार्च. एका बिलाने आर्थिक वर्षच बदलले! दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती कोणीतरी करायला हवी.

आता चोरीची बाजू. काही तुकडे एकूण रक्कम गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर काढतात आणि तोच आकडा सर्व्हरला पाठवतात. थोडी माहिती असलेला माणूस तो आकडा वाटेत बदलू शकतो. पाच हजारांचा माल पाचशेत गेला तर दोष कुणाला देणार? भाव गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवरून घ्यायचा नसतो, आपल्या वहीतून घ्यायचा असतो. सर्व्हरवरचा तुकडा दरपत्रक स्वतः उघडून बेरीज करतो की नाही, हे कारागिराला स्पष्ट विचारा.

दुसरी फट जुनी आणि बदनाम आहे. गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा नोंदवहीच्या हुकुमात चिकटवला, तर मजकुराऐवजी हुकूमच लिहून पाठवणारा सगळी वही वाचू किंवा पुसू शकतो. हुकूम आणि मजकूर वेगवेगळे पाठवणे हा यावरचा पक्का उपाय. तो फार वर्षांपासून उपलब्ध आहे, तरी जुने धडे फिरत राहतात. २०१७ साली संशोधकांनी लोकप्रिय धड्यांतले असे सदोष तुकडे घेऊन पीएचपीचे ६४,४१५ प्रकल्प चाळले. धड्यांतल्या नमुन्यांशी मिळत्याजुळत्या ११७ फटी त्यांना सापडल्या. गुरूच्या पाटीवरची चूक शिष्याच्या वहीत उतरावी तसेच हे.

दुकानदाराला स्वतः करता येतील अशा दोन परीक्षा आहेत. आपल्या फॉर्ममध्ये इंग्रजीत डी'सोझा असे, मध्ये वरचे चिन्ह देऊन, नाव भरून पाहा. पान कोसळले किंवा इंग्रजीतली लांबलचक तक्रार उमटली तर त्या चिन्हाने हुकूम मोडला असण्याचा दाट संभव आहे. कारागिराला लगेच बोलवा. दुसरी परीक्षा 'पासवर्ड विसरलो' या बटणाची. तुमचा जुना पासवर्डच जसाच्या तसा मेसेजमध्ये आला, तर तो सर्व्हरवर वाचता येईल असा ठेवलेला आहे, हे नक्की. चांगल्या कामात तो कोणालाच, बनवणाऱ्यालाही, वाचता येत नाही. नवा पासवर्ड करण्याचा दुवा तेवढा येतो. त्यासाठीचा तयार तुकडा पीएचपीमध्येच २०१३ पासून आहे, तेव्हा सबबीला जागा नाही.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते फुटले तर फक्त अब्रू जाते असे समजू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे आणि छोट्या दुकानाला ती लागेल असे आम्ही म्हणत नाही, पण जबाबदारी वेबसाईटच्या मालकाची आहे.

काम एकदा झाले की संपले, हाही गैरसमज. पीएचपीत नोंदवहीशी बोलण्याची एक जुनी पद्धत होती. २०१३ मध्ये ती सोडा असा इशारा निघाला आणि २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. सर्व्हरवाल्याने नवी आवृत्ती चढवली तेव्हा जुन्या तुकड्यांवर उभ्या असलेल्या वेबसाईटी चालेनाशा झाल्या. म्हणून ठराव करताना देखभालीची रक्कम वेगळी लिहून घ्या. वेबसाईटचे नाव, सर्व्हरचे खाते आणि सगळा लिहिलेला मजकूर तुमच्या ताब्यात, तुमच्या नावावर हवा. कारागीर गाव सोडून गेला तर दुसऱ्याला काम तिथूनच पुढे नेता आले पाहिजे.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हवा तो तुकडा क्षणात लिहून मिळतो. पण तीही जुन्या ढिगावरच शिकलेली आहे, त्यामुळे वरच्या परीक्षा तिच्या कामालाही लावाव्यात.

आपल्या भागातल्या शिकणाऱ्या मुलांना यात मोठी संधी दिसते. पीएचपी फुकट आहे आणि साधा संगणक पुरतो. स्वतःचे, आपल्या बाजाराच्या मापाचे, तपासलेले दहा-बारा तुकडे ज्याच्या संग्रही असतील त्याला नाशिकच्या कारागिराला भिण्याचे कारण नाही. आमच्या मते पहिला तुकडा जीएसटी क्रमांक तपासणारा करावा. ताज्या कांद्यावर कर नाही, पण हार्डवेअर आणि कापडवाल्याला हा रोज लागतो. पंधरा अक्षरांच्या क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे पॅनची, त्यातले चौथे अक्षर 'पी' असल्यास एकटी व्यक्ती, 'एफ' असल्यास पेढी. शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. मुनिमाने एक अक्षर चुकीचे टंकले की हे गणित जुळत नाही आणि बिल छापण्याआधीच चूक हाती लागते.