चिमुकल्या गाड्यांचे कायदे



खेळण्यातल्या गाडीलाही कायदेकानू असतात हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. परंतु जेथे शर्यत आली तेथे नियम आलेच. आणि ते नियम का झाले हे पाहू लागले, म्हणजे त्या खेळाचे मर्म हाती लागते.

प्रथम खेळ कोणता ते सांगतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मार्गावर अरुंद खाचा असतात. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असून त्यांतून साधारण १२ व्होल्टची वीज खेळवितात. गाडीच्या पुढच्या भागाखालचे लहानसे पाते खाचेत उतरते आणि त्याच्या दोहों अंगांच्या तारांच्या वेण्या ती वीज मोटरला पोचवितात. खेळाडूच्या हाती फक्त वेग असतो. वळणावर तो जास्त झाला, की गाडी खाचेबाहेर उडालीच! इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ बाजारात आणली आणि हा खेळ घरोघर गेला. या गाड्यांचे एक प्रचलित प्रमाण १:३२ आहे. म्हणजे साडेचार मीटरची गाडी येथे सुमारे १४ सेंटिमीटरची होते.

या गाड्यांच्या बॉडीचे दोन प्रकार आहेत. एक, पातळ प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून केलेली, अगदी हलकी. दुसरी, साच्यात प्लॅस्टिक ओतून केलेली, जाड आणि बारीकसारीक तपशिलांची. तीच ‘हार्ड बॉडी’. अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात हलक्या बॉडीची एवढी चढाओढ लागली, की कोणत्याच खऱ्या मोटारीशी साम्य नसलेल्या पाचरीसारख्या आकृती धावू लागल्या. त्यांना खेळाडूच ‘थिंगी’ म्हणत. वेग वाढला, खर्चही वाढला. नवख्या मुलाला या शर्यतीत उभे राहणे कठीण झाले. त्या दशकाच्या अखेरीस तेथील पुष्कळशी भाड्याची मैदाने बंद पडली. याची कारणे अनेक सांगतात. त्यांत हेही एक आहे.

हार्ड बॉडीच्या नियमांमागे हीच भीती आहे. क्लबागणिक तपशील बदलतो, परंतु गाभा बहुधा सारखाच असतो. बॉडीचा बाह्य आकार बदलावयाचा नाही. वरून पाहिले असता चाके बॉडीबाहेर दिसता कामा नयेत. आत चालकाची आकृती हवी. आतून कानशीने घासून बॉडी पातळ करण्यासही बहुधा मनाई असते. का बरे? वरचा भार कमी झाला, की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर गाडी कलंडत नाही. घासणाऱ्याला लाभ होतो. मात्र उद्या प्रत्येकाला घासत बसावे लागते, आणि सुंदर प्रतिकृतीचे टरफल उरते.

चासीचेही तसेच. ती मूळ कारखान्याची किंवा मान्य यादीतली असावी, मोटर ठरलेल्या जातीची असावी, वजन ठराविक मर्यादेत असावे. पुष्कळ क्लब चासीखालचे लोहचुंबकही काढावयास लावतात. पट्ट्या लोखंडाच्या असल्या, की चुंबक गाडीला मार्गाशी जखडून ठेवतो आणि वळणावर वेग आवरण्याचे कसब निरुपयोगी होते. लाकडी मार्गावर तांब्याची पट्टी असेल, तर चुंबकाचा प्रश्नच उरत नाही. तांब्याला तो ओढीत नाही.

मग कारागिराला काही उरतच नाही काय? उरते, आणि पुष्कळ उरते. टायर रिमला चिकटवून गोल घासणे, आस सरळ करणे, दातेरी चाके नीट जुळविणे, वेण्या सपाट बसविणे. शिवाय बॉडीचे स्क्रू किंचित सैल ठेवण्याची मुभा सहसा असते. बॉडी थोडी डुलली, म्हणजे तिचे हेलकावे चासीत उतरत नाहीत आणि मागची चाके मार्गाला धरून राहतात. यासाठी ना महाग सुटा भाग लागत, ना बॉडीला इजा होते. नजर आणि धीर मात्र लागतो.

तेव्हा शर्यतीपूर्वी माप आणि तराजू घेऊन गाड्या तपासणारा परीक्षक हा खेळाचा वैरी नव्हे. ज्याची थैली लहान पण हात तयार, त्यालाही शर्यतीत जागा राहावी, एवढ्यासाठीच तो तेथे बसलेला असतो.