विश्लेषण : क्रॉप केलेला भाग खरेच जातो का?

२०१०च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत स्टेपान रुडिक या छायाचित्रकाराला जाहीर झालेले पारितोषिक नंतर काढून घेण्यात आले. कीव्हमधील रस्त्यावरच्या मारामारीवर त्याची चित्रमालिका होती. त्यातल्या एका छायाचित्रात हाताला पट्टी बांधली जात आहे. मूळ दृश्य बरेच रुंद होते. रुडिकने त्यातला मोठा भाग क्रॉप केला होता, रंगही काढून टाकले होते. आयोजकांनी रॉ फाइल मागवल्या तेव्हा लक्षात आले, की मागे दिसणाऱ्या माणसाच्या पावलाचा इवलासा तुकडा पुसलेला आहे. मालिका बाद झाली ती त्या तुकड्यामुळे, क्रॉपमुळे नव्हे. एवढी बारीक तपासणी करता आली, याचे कारण रॉ फाइलमधून काहीच कापले गेलेले नसते.

रॉमध्ये क्रॉप म्हणजे नेमके काय?

रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद. ‘लाइटरूम’, ‘डार्कटेबल’ किंवा ‘रॉथेरपी’सारखी सॉफ्टवेअर तिला हात लावत नाहीत. पडद्यावर चौकट ओढली की ती चौकट वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून कुठे येते एवढे आकडे लिहून ठेवले जातात. छायाचित्र तिरके करून सरळ केले असेल तर कोनाचा आकडाही जोडला जातो. ‘डार्कटेबल’ हे आकडे मूळ फाइलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवते, ‘रॉथेरपी’ पीपी३ फाइलमध्ये. ‘लाइटरूम’ ते स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवते. फाइल डीएनजी प्रकारची असेल तर हे आकडे तिच्या आतही लिहिता येतात. फोटो उघडला की सॉफ्टवेअर दर वेळी ही सूचना वाचते आणि तेवढाच भाग दाखवते. म्हणूनच दोन वर्षांनी ‘कडेला उभी असलेली आत्या का कापली?’ अशी तक्रार आली, तरी आत्या परत आणता येते. जेपेग क्रॉप करून त्याच नावाने सेव्ह केला असेल, तर मात्र बहुधा येत नाही.

कापले काहीच नाही, मग तोटा कसला?

तोटा अंतिम चित्रात होतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली तर ३००० बाय २००० उरतात, म्हणजे फक्त ६ मेगापिक्सेल. बाजू निम्मी झाली की पिक्सेल पाव होतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने २० इंच रुंद छापता येणारा फोटो १० इंचांवर येतो. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक कळतही नाही, फ्लेक्सवर लगेच कळतो.

तिरके क्षितिज सरळ करणे हाही छुपा क्रॉपच. चौकट फिरवली की कोपऱ्यांत रिकामी जागा येते आणि ती टाळायला चौकट आत ओढावी लागते. ३:२ प्रमाण कायम ठेवून फोटो केवळ ३ अंश फिरवला तरी सुमारे १४ टक्के पिक्सेल जातात. फोटो काढतानाच मोबाइल सरळ धरणे स्वस्त पडते.

याचा स्मार्टफोनशी काय संबंध?

अँड्रॉइडमध्ये २०१४च्या ५.० आवृत्तीपासून रॉ टिपण्याची सोय आली. आयफोनमध्ये प्रोरॉ १२ प्रो मालिकेपासून आहे. दोन्हींची फाइल डीएनजी. अशी फाइल क्रॉप करून मूळ स्वरूपात कोणाला पाठवली, तर बाहेर ठेवलेला भागही तिच्यातच जातो. समोरच्याने क्रॉपचा आकडा काढून टाकला की पूर्ण दृश्य उघड. रॉ नसलेल्या साध्या फोटोंतही आयफोन मूळ प्रत जपून ठेवतो. एअरड्रॉप करताना ‘ऑल फोटोज डेटा’ हा पर्याय सुरू असेल, तर मूळ फोटो आणि बदलांचा इतिहासही पोहोचतो.

दुसरा धोका सोय म्हणून नव्हे, चुकीतून आला. २०२३च्या मार्चमध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी गुगल पिक्सेल फोनच्या ‘मार्कअप’ साधनातील त्रुटी उघड केली. स्क्रीनशॉट क्रॉप केल्यावर नवी, लहान फाइल जुन्या फाइलवरच लिहिली जात होती, पण जुन्या फाइलचे उरलेले शेपूट कापले जात नव्हते. त्या शेपटातून छाटलेल्या चित्राचा काही भाग पुन्हा जुळवता येई. खाते क्रमांक छाटून पाठवलेला बँकेचा स्क्रीनशॉट डोळ्यांसमोर आणा, म्हणजे गांभीर्य कळेल. ‘अक्रोपॅलिप्स’ नावाने ही त्रुटी ओळखली गेली. विंडोज ११च्या स्निपिंग टूलमध्येही तशीच त्रुटी सापडली. दोन्ही दुरुस्त झाल्या, पण त्याआधी पाठवलेल्या फाइली जिथे पोहोचल्या तिथे तशाच राहिल्या.

पाठवताना काय पाहावे?

रॉ फोटो पाठवायचा असेल तर सॉफ्टवेअरमधून ‘एक्स्पोर्ट’ करून जेपेग तयार करावा. ही नवी फाइल फक्त चौकटीतल्या पिक्सेलची बनते. एअरड्रॉपचा वरचा पर्याय बंद ठेवावा. आधार किंवा बँकेचा कागद असेल, तर नको असलेल्या आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवून मगच फोटो काढावा, कारण जे टिपलेच नाही ते कोणालाच परत आणता येत नाही. आणि ग्राहकाला अल्बम देणाऱ्या छायाचित्रकाराने आपली रॉ फाइल मात्र न छाटता जपावी; रुडिक प्रकरणात आयोजकांनी मागितली होती ती हीच.