हरवलेल्या ओळी

हजेरीपटाची नक्कल करताना वहीचे पान चाळिसाव्या नावाशीच संपले, तर तुम्ही काय कराल? दुसरे पान घ्याल. निदान गुरुजींना "जागा पुरली नाही" असे तरी सांगाल. संगणकाला मात्र एवढेही आधी शिकवून ठेवावे लागते. ते राहून गेले तर काय होते, हे इंग्लंडमध्ये २०२० साली दिसून आले.

तेव्हा कोविडची साथ जोरात होती. प्रयोगशाळांतून तपासणीचे निकाल 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या सरकारी संस्थेकडे येत आणि ते एकत्र करून पुढे धाडण्याचे काम संगणक आपोआप करी. निरनिराळ्या ठिकाणची माहिती उचलायची, एका साच्यात बसवायची आणि तिसरीकडे नेऊन ठेवायची, अशा ठरीव कामाला 'जॉब' म्हणतात. बँकांत असे जॉब रोज रात्री चालतात.

इथला साचा होता 'एक्सेल'च्या जुन्या पद्धतीच्या तक्त्याचा. त्यात ६५,५३६ ओळी मावतात, पुढे एकही नाही. आकडा विचित्र वाटतो ना? पण तो २ चा १६ वा घात आहे. ओळीचा क्रमांक लिहायला १६ बिटे ठेवली की तेवढेच वेगवेगळे क्रमांक तयार होतात. एकेका तपासणीच्या अनेक ओळी होत. रुग्ण वाढले, ओळी वाढल्या आणि साच्यात न मावलेल्या ओळी मागेच राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून निसटले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांना शोधून सावध करणाऱ्या पथकांकडे ही नावे वेळेवर गेलीच नाहीत. साथीत एकेका दिवसाला किती मोल असते, हे सांगायला नको.

जॉब प्रत्यक्ष कामाला लावण्यापूर्वी काय करायला हवे? दहा ओळींवर तो नीट चालला म्हणून हुरळून जाऊ नये. अपेक्षेच्या दसपट माहिती ओतून पाहावी. आणि किराणा दुकानदार रात्री वही व गल्ला जुळवतो, तशी प्रत्येक फेरीला मोजदाद ठेवावी: आल्या किती, पोचल्या किती? वजाबाकी शून्य आली नाही, तर जॉबने तिथेच थांबून माणसाला हाक मारली पाहिजे. माझ्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित तपासणी हीच. जॉब मध्येच बंद पडून पुन्हा सुरू केला, तर त्याच ओळी दोनदा भरल्या जात नाहीत ना, हेही मुद्दाम बंद पाडून बघावे.

आणखी एक युक्ती आहे. फायलींचे पत्ते आणि सांकेतिक शब्द जॉबच्या पोटात कोरून न ठेवता बाहेर वेगळ्या यादीत ठेवतात. मग चाचणीच्या यंत्रावर पारखलेला जॉब जसाच्या तसा खऱ्या यंत्रावर नेता येतो; बदलते फक्त यादी.

इंग्लंडमध्ये पुढे मोठ्या फायलींचे लहान तुकडे करून काम भागवले गेले. 'एक्सेल'च्या नव्या पद्धतीत १०,४८,५७६ ओळी मावतात. हा २ चा कितवा घात, ते तुम्हीच काढून पाहा.